हरलेल्यांचा चहा

वाघमोडे सरांनी मला कधीही 'छान' म्हटलं नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी तक्रार आहे, पण आता तिची इतकी सवय झालीय की ती गेली तर चुकल्याचुकल्यासारखं वाटेल.

"छान म्हंजी काय?" ते विचारायचे. "पुरणपोळी छान असती. पंच कसा काय छान आसंल? पंचानं केलं काय, ते बोला."

समोरचा बिचारा दोन गोड शब्द बोलायला आलेला असायचा. तो गडबडून जायचा, इकडंतिकडं बघायचा आणि हळूच सटकायचा. सर मात्र खरोखरच उत्तराची वाट बघत उभे असायचे.

आता वय झालंय. दुपारी जेवण झाल्यावर जरा डोळा लागतो आणि मग मला ते मैदान दिसतं. तेव्हाचं औरंगाबाद, थंडीचे दिवस, उन्हं कलायला लागलेली. आमखास मैदानाच्या एका कोपऱ्यात फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या रेषा, त्यांच्यावर हलकेच तरंगणारी धूळ आणि त्या धुळीतून येणारा 'कबड्डी, कबड्डी, कबड्डी' असा एकसुरी आवाज. त्या अर्धवट झोपेत माणसांचे चेहरे नीट दिसत नाहीत, कोण कुणाविरुद्ध खेळतंय तेही कळत नाही. पण रेषेच्या कडेनं चालणारे सर अगदी स्पष्ट दिसतात.

ते चालायचेच मुळी वेगळे. उंच, हडकुळे, खांद्यात जरा पुढं झुकलेले. जन्म देवगाव रंगारीचा, घरी मेंढरं. निजामाच्या अमदानीत उर्दू शाळेत चार इयत्ता शिकले आणि उरलेल्या वेळात मेंढरांमागं हिंडले. मेंढरांमागचा माणूस सरळ चालत नाही. सगळा कळप नजरेत राहावा म्हणून तो जरा कडेनं, अंग तिरपं ठेवून चालतो. पोलीस अ‍ॅक्शननंतर पुढचं शिक्षण झालं, शहरातल्या एका शाळेत ड्रिलमास्तरची नोकरी लागली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आले, पण चाल तीच राहिली. ते बूट सर रेषा आखून उरलेल्या फक्कीनं पांढरे करायचे. त्यामुळे सर नुसते घरातून चालत गेले तरी मागं पुसट पांढरी पावलं उमटायची आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, फडकं घेऊन त्यांच्या मागं मागं हिंडायच्या.

शाळेतली उर्दू त्यांच्या बोलण्यात कायमची राहून गेली होती. निकालाला ते फैसला म्हणायचे आणि चुकीला कसूर. चूक म्हटलं की माणूस लगेच सबबी सांगतो, कसूर म्हटलं की जरा विचार करतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मला तो फरक पटायला बरीच वर्षं लागली.

मी या सगळ्यात आले ती अपघातानंच. औरंगपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत मी नुकती शिक्षिका म्हणून लागले होते. कॉलेजात असताना थोडी कबड्डी खेळले होते, एवढंच भांडवल. मुलींच्या सामन्यांना बाई पंच हवी, अशी टूम निघाली आणि मुख्याध्यापिकाबाईंनी माझं नाव देऊन टाकलं. नव्या बाईला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शिकवायला वाघमोडे सर होते. त्यांनी माझ्या हातात एक शिट्टी ठेवली आणि म्हणाले, "जाधवबाई, ही वाजवायला सोपी हाये. न वाजवायला लई अवघड."

माझा पहिला सामना मला वाटतं बरा पार पडला. जिंकलेल्या शाळेच्या बाईंनी माझा हात हातात घेतला, पहिल्यांदाच पंच झालात असं वाटलंच नाही म्हणाल्या, मुलींनी पेढे आणले. मी हवेतच होते. सर बाजूला उभं राहून हे सगळं ऐकत होते. पेढ्यांचं ताट त्यांच्यापुढं आलं तेव्हा त्यांनी हात जोडले आणि मला म्हणाले, "झालं का? चला मग चहाला."

"इथंच येतोय की चहा," मी म्हटलं.

"इथला नाय. हरलेल्यांचा."

ही सरांची रीत. जिंकलेल्यांचं ते पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. सामना संपला, हस्तांदोलन झालं, की ते सरळ हरलेला संघ जिथं बसला असेल तिथं जायचे, त्यांच्यात मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "चहा पाजा आणि माझा कसूर सांगा." मैदानावर चहा विकणाऱ्या करीमभाईंना तर सामन्यात काडीचा रस नव्हता. ते किटली घेऊन यायचे आणि लांबूनच विचारायचे, "आज कौन हारा, सर?" त्यांच्या दृष्टीनं तो फक्त चहा कुठं न्यायचा याचा पत्ता होता.

चहा हरलेल्यांचाच का, असं मी एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, "जिंकलेला माणूस कुणालाबी चांगलं म्हणतो. त्याला आज कडुलिंबबी गोड लागतोय. हरलेला खरं बोलतो. तो रागानं बोलतो, वाकडं बोलतो, पण त्यात थोडं खरं असतंच. ते तेवढं निवडून घ्यायचं. आन चहा त्यांच्याच हातचा पायजे. मी पाजला तर ते लाजतील, बोलणार नायत."

तर त्या पहिल्या दिवशी मी सरांच्या मागं मागं गेले. मुली गुडघ्यांची माती झाडत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्या अंग चोरून गप्प झाल्या. गरम पेला हातात धरून मी कसंबसं म्हटलं, "माझं काय चुकलं, सांगा गं."  शेवटी वेणीची रिबीन सुटलेली एक काळीसावळी पोरगी म्हणाली, "बाई, तुमची शिट्टी ऐकूच येत नाय. तुमी वाजवता का फुंकर घालता?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. माझे कान तापले. सर हसले नाहीत. त्यांनी त्या मुलीकडं नीट बघितलं आणि विचारलं, "कवा कवा नाय आली ऐकू?" तिनं एकेक प्रसंग सांगितला. सर मान हलवत होते. मी मात्र त्या पोरीला मनातल्या मनात शिव्या देत होते, हे कबूल करायला हवं. परत येताना सर म्हणाले, "पोरगी बरोबर बोलली. शिट्टीत भीती हाये तुमच्या. फैसला पटला नसंल तर वाजवू नका. पटला आसंल तर शहागंजापत्तर ऐकू गेली पायजे." थोडं चालल्यावर म्हणाले, "आन मघा ती लाल रिबीनवाली रेषेपाशी आली तवा तुम्ही वाकलात. ते बरोबर केलं."

त्या एका वाकण्यावर मी आठवडाभर जगले. सरांचं कौतुक असंच असायचं. उद्या पुन्हा करता येईल एवढंच ते बोलायचे. बाकी सगळं त्यांच्या हिशेबी हवा.

कसूर ऐकून घ्यायला ते स्वतः कधी कचरले नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं. चिकलठाण्याच्या कारखान्यातल्या कामगारांचा एक संघ एकदा फार थोडक्यात हरला. सर त्यांच्यात जाऊन बसले. त्यांच्या कप्तानानं पेला भरला, सरांपुढं धरला आणि सरांनी हात पुढं करताच तो तसाच मातीत ओतला.  मला वाटलं, आता काहीतरी होणार. सर त्या ओल्या मातीकडं बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "हा सांडला. दुसरा द्या."

 मग काय झालं कोण जाणे, कप्तान आपणहून खाली बसला, दुसरा पेला भरला, आणि चहा संपेपर्यंत अगदी नीट समजावून सांगितलं. सर चढाईच्या वेळी कायम एकाच हाताला सरकतात, त्यामुळे दुसऱ्या बाजूचा कोपरा त्यांच्या पाठीमागं जातो, आणि तिथं झालेली पकड त्यांना दिसलीच नव्हती. "तुमी वाईट नाय सर," तो म्हणाला, "पण तुमची पाठ आमच्या वाट्याला आली."

दुसऱ्या दिवशी काही कामानं मी सरांच्या घरी गेले तर अंगणात काकूंची सगळी भांडी मांडलेली. हंडा, कळशी, परात, दोन तपेल्या. आणि सर शिट्टी तोंडात धरून त्या भांड्यांभोवती तिरपे तिरपे फिरताहेत. कोपऱ्यातली कळशी कुठल्या पावलाला नजरेआड होते ते बघत होते. काकू ओसरीवर कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"बघा बाई," त्या म्हणाल्या, "साऱ्या गावाला कसूर विचारत हिंडतात. घरात मी येक सांगितला तर ऐकायला येत नाय."

"कोणता?" सरांनी लगेच शिट्टी काढून विचारलं.

"माझा हंडा सोडा. पाणी भरायचंय."

सरांची आणखी एक रीत होती आणि तिच्यावरून बाहेरगावचे पंच त्यांना नावं ठेवायचे. कधी कधी धुळीत, गर्दीत खरोखरच दिसत नाही. चढाई करणाऱ्याचा पाय समोरच्याला लागला की नाही, कळत नाही. अशा वेळी सर खेळ थांबवायचे, ज्याला पाय लागला असेल त्या खेळाडूपाशी जायचे आणि त्यालाच विचारायचे, "सांग, लागला का?" तो हो म्हणाला तर बाद, नाही म्हणाला तर खेळ सुरू. नियमांत असलं काही नाही. पूर्वी गावोगाव असंच चालायचं म्हणे, पंच म्हणून कुणी नसायचाच. "आन तो खोटं बोलला तर?" असं कुणी विचारलं की सर म्हणायचे, "बोलू दे. मला नाय दिसलं, हे तर खरं हाये ना? मग मी खोटा फैसला देण्यापरीस त्यानं खोटं बोलल्यालं बरं." आणि खरी गंमत ही, की असं समोर येऊन कुणी विचारलं की पोरं सहसा खोटं बोलायची नाहीत. मान खाली घालून निमूट बाहेर जायची. पुढं माझ्या सामन्यांत मीही तसंच विचारायला लागले.

हे सगळं पाहून मला वाटायचं, या माणसाला कसला म्हणून घोर नाही. तो गैरसमज काकूंनी दूर केला. एका रविवारी सर घरात नव्हते. देवगावला गेले होते. काकू मेथी निवडत होत्या, मीही एक जुडी पुढं ओढली.

"आज येतील तवा बोलणार नायत कुणाशी," काकू म्हणाल्या. "दर वर्षी संक्रांत झाली की जातात भावाकडं. आन दर वर्षी तसंच परत येतात."

सरांचा धाकटा भाऊ मल्हारी. मेंढरं त्यानं सांभाळली, आईबाप त्यानं सांभाळले, आणि देवगावच्या कबड्डी संघाचा तो कप्तान होता. मी शहरात येण्याच्या बऱ्याच आधी देवगावचा संघ जिल्ह्याच्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला. ठरलेले पंच आलेच नाहीत. तेव्हा समोरच्या संघानंच सांगितलं, वाघमोडे मास्तर असतील तर आमची हरकत नाही, भावाचा संघ असला तरी. सर मैदानात उतरले. अगदी शेवटच्या चढाईत मल्हारी कोपऱ्यात उभा होता. चढाई करणाऱ्यानं त्याच्या दिशेनं पाय फेकला, धुरळा उडाला, आणि सरांची शिट्टी वाजली. मल्हारी बाद. देवगाव हरलं.

"लोकांनी डोक्यावर घेतलं यांना," काकू सांगत होत्या. "सख्ख्या भावाला बाद दिला, असा पंच पायजे, म्हणून हार घातले. हे हार काढून हरलेल्यांत गेले चहाला. तर मल्हारीभावजी उठले आन निघून गेले."

तेव्हापासून सर दर वर्षी देवगावला जायचे. मल्हारी त्यांचं सगळं करायचा. पाय धुवायला पाणी, गरम भाकरी, पिठलं, वर तुपाची धार, बसायला घोंगडी. आल्यागेल्याची, पाऊसपाण्याची, मेंढरांची बोलणी व्हायची. फक्त चहा द्यायचा नाही. चूल पेटलेली असायची, दूध असायचं, पण चहा नाही. चहा दिला तर कसूर सांगावा लागला असता. सर संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे.

"यांना वाटतं, पाय लागला नसंल," काकू म्हणाल्या. "धुरळ्यात यांना दिसलंच नव्हतं बाई. फैसला चुकला आसंल, म्हणून भावजी रागावले. म्हणतात, येकदा त्यानं शिव्या दिल्या तरी चालंल. गप बसल्यावर माणसानं काय सुधारावं?"

साऱ्या जिल्ह्यात ज्या सामन्यासाठी त्यांचं नाव निघायचं, तो सामना त्यांच्या घशात असा अडकला होता. लोक त्याची गोष्ट सांगायला लागले की सर उठून का जायचे, ते मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी ते आले, मला बघून नुसती मान हलवली आणि आत गेले. मला त्यांची फार दया आली. पण आपण काय करणार होतो?

त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. मुलींच्या शाळांच्या शेवटच्या सामन्यात आमची शाळा आली. त्या दिवशी पंच कमी पडले आणि सरांनी माझं नाव पुढं केलं. मी घाबरून म्हटलं, "सर, माझीच शाळा आहे." सरांनी दुसऱ्या शाळेच्या बाईंना विचारलं. त्यांनी मान डोलावली. मला मात्र सारखा देवगावचा कोपरा आठवत होता.

सामना चुरशीचा झाला. शेवटी शेवटी आमची नववीतली सुमन कोपऱ्यात एकटी उरली. समोरची मुलगी चढाईला आली, वाकली, तिनं पाय लांबवला. धूळ उडाली. मला दिसलं नाही.

ते क्षण मला अजून झोपेत येतात. तोंडात शिट्टी, उन्हं तिरपी होऊन धुळीत उतरलेली, आणि सगळा गलका कुठंतरी लांब गेलेला. सुमन माझ्याकडं बघत होती. बाद दिलं असतं तर सगळ्यांनी वाहवा केली असती. नाही दिलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, घरच्याच पोरीला विचारतेय. कडुलिंबाखाली सर उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं, तर ते जमिनीकडं बघत होते. तिथून काही मदत मिळण्यासारखी नव्हती. मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. मग माझे पाय आपोआप त्या कोपऱ्याकडं गेले.

"सुमन, लागला का गं?"

लोकांनी एकच ओरडा केला. सुमननं आपल्या पायाकडं बघितलं. "लागला, बाई," ती म्हणाली आणि रेषेबाहेर गेली. आम्ही हरलो.

जिंकलेल्या शाळेच्या बाईंनी मला मिठीच मारली. असा निष्पक्ष पंच पाहिला नाही वगैरे सगळं झालं. आमच्या मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडं न बघता रिक्षात बसल्या. मी भारावल्यासारखी उभी होते, तेवढ्यात करीमभाई किटली घेऊन आले. "आज कौन हारा, सर?"

"जाधवबाईंची शाळा," सर म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "चला, बाई."

आपल्याच मुलींचा चहा प्यायला जाणं फार कठीण असतं. त्या तोंडं पाडून बसल्या होत्या. एकीनं मला पेला दिला, एकीनं सरांना. "माझा कसूर सांगा," मी म्हटलं. मला वाटलं, आज कुणी काही सांगणार नाही. आज मी चुकलेच नव्हते.

सुमन मातीत बोटानं रेघा ओढत होती. वर न बघताच म्हणाली, "बाई, मला विचारायला तुमी लई वेळ लावला."

"म्हणजे?"

"त्या लांबच्या गावच्या पोरींना तुमी लगीच विचारता. मला विचारताना थांबलात. मला वाटलं, तुमचा माझ्यावर भरवसा नाय."

 सरांचा पेला ओठांपाशी गेला होता, तो तिथंच थांबला. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "आन समज, बाईंनी तुला विचारलंच नसतं, तर?"

सुमन विचारात पडली. "विचारलंच नसतं आन बाद दिलं असतं?"

"व्हय."

"मग मला वाटलं असतं, बाईंना मी खोटारडी वाटते. म्हंजी सगळ्या जगाला विचारतात आन मलाच तेवढं नाय." ती थांबली. "मग मी बाईंशी बोललेच नसते."

सरांनी पेला खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. हरलेल्यांचा चहा त्यांनी टाकलेला मी तोवर कधी बघितला नव्हता. ते उठले, सुमनच्या डोक्यावर हात ठेवला आणि रेषेच्या कडेकडेनं मैदानाबाहेर चालू लागले.

रविवारी सकाळी काकूंचा निरोप आला, देवगावला जायचंय, तुम्हीही चला. मला काही कळेना. बसमध्ये काकू कानात म्हणाल्या, "हे म्हणाले, जाधवबाईंना घ्या. माझा कसूर त्यांच्या पोरींत सापडला." सर पुढच्या बाकावर खिडकीशी बसले होते. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती, ज्वारी उभी होती, लांबवर डोंगर निळे दिसत होते. 

मल्हारी सरांसारखाच उंच होता, फक्त रुंदीला दुप्पट. सगळे केस पांढरे. घरामागं मेंढरांचा वाडा होता आणि सगळ्या अंगणाला लोकरीचा वास होता. त्यानं पायांवर पाणी घातलं, घोंगडी टाकली. आम्ही जेवलो. भाकरी, पिठलं, तूप, ठेचा. पाऊसपाण्याची बोलणी झाली. मग तीही संपली. वाड्यातून एखादं कोकरू मधूनच ओरडायचं, तेवढंच.

"मल्हारी," सर म्हणाले, "त्या दिवशी तुला विचारायला पायजे होतं."

मल्हारीनं मान वर केली नाही. तो हातातली काडी मोडत राहिला.

"धुरळ्यात मला नव्हतं दिसलं," सर म्हणाले. "दुसरा कुणी असता तर विचारलं असतं. तुला नाय विचारलं."

 मल्हारी बोलला तेव्हा आवाज इतका बारीक होता की त्या धिप्पाड अंगातून तो येतोय हे खरं वाटेना.

"लागला होता, दादा. अंगठ्याला लागला होता. मी निघालोच होतो बाहेर. तुझी शिट्टी आधी वाजली." त्यानं काडी फेकून दिली. "विचारलं असतंस तर साऱ्या गावासमोर मी खरं बोललो असतो. तू बोलूच दिलं नाय. लोकांनी तुला हार घातले. खरा वाघमोडे म्हणाले. आन मी? मी चोर. पकडला गेल्याला चोर."

"लोक काय म्हणतील, म्हणून नाय विचारलं," सर म्हणाले.

"मग त्या दिवशी शिट्टी लोकांनी वाजवली, दादा. तू नाय वाजवली."

मी सरांकडं बघायचं टाळलं. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. सर म्हणाले, "बरोबर." मग पुन्हा एकदा, स्वतःलाच सांगितल्यासारखं, "बरोबर हाये."

मल्हारीनं डोळे पुसले आणि घराकडं तोंड करून ओरडला, "अगं, चहा टाक. दादाला चहा टाक."

चहा मेंढीच्या दुधाचा होता, दाट. पण त्याकडं कुणाचं लक्ष होतं? मल्हारीचा बांध फुटला होता. इतकी वर्षं साठलेलं सगळं बाहेर यायला लागलं. बापानं तुला शाळेत घातलं आन मला मेंढरांमागं, तवा तू येकदा तरी म्हणलास का, की त्यालाबी घाला? आईच्या दुखण्यात उशिरा आलास. माझ्या थोरलीच्या लग्नात पाहुण्यांमध्ये बसलास, माझ्यापाशी नाय बसलास. शहरातून येताना कायम बूट घालून वाड्यात शिरतोस, मेंढरं बुजतात. सर पेला हातात धरून ऐकत होते आणि प्रत्येकाला मान हलवत होते. एकदा फक्त म्हणाले, "हे नाय पटत. पण बोल." त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी कधी पाहिलं नव्हतं.

उन्हं उतरली. शेवटच्या गाडीची वेळ झाली तरी सर उठेनात. काकू मला म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या त्यांना. आपण जाऊ." आम्ही दोघीच निघालो. शाळेतून सर निवृत्त झालेच होते, ते मग तिथंच राहिले. आज येतो, उद्या येतो असे निरोप यायचे आणि शेवटी काकूच सामान घेऊन तिकडं गेल्या. मैदानावर ते पुन्हा आले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाला ते गेल्याचं कळलं तेव्हा मला रडू आलं. मनात आलं, त्यांनी मला कधी छान म्हटलं असतं तर त्यात एवढं काय बिघडलं असतं? तरीही एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. आपला कसूर माझ्या पोरींत सापडला, असं त्यांनी दुसऱ्या कुणाबद्दल कधीच म्हटलं नव्हतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या संध्याकाळी, बसच्या खिडकीतून. रस्त्याच्या कडेलाच मल्हारीचं अंगण होतं. मेंढरं परतत होती, त्यांच्या खुरांनी उडालेल्या धुळीत सगळं पिवळसर दिसत होतं. घोंगडीवर दोघे भाऊ बसलेले. सरांनी मान थोडी तिरपी केली होती आणि रिकामा पेला अजून हातात होता. मल्हारी हातवारे करून काहीतरी सांगत होता. बस वळली, तरी त्याचं सांगणं संपलेलं नव्हतं.